गाडीचा भोंगा काय सांगतो?

सुट्ट्या लागल्या की मुंबई, पुणे, नागपूरकडे नोकरीला असलेली मुले गाड्या घेऊन आपल्या घाटंजीत येतात. एखाद्याची बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कारही असते, पण बहुतेकांच्या गाड्या साध्या आणि बऱ्याचदा सेकंडहँड असतात. या गाड्यांना अलार्म कंपनीतूनच बसवलेला असतो. रात्री दोन वाजता तो वाजतो आणि सारी गल्ली जागी होते. मुलगा झोपेतच बटण दाबतो. तासाभराने पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री तर कोणी खिडकीतून डोकावतही नाही. मग खरोखर कोणी काच फोडली तरी शेजारी म्हणणार, "त्यांची गाडी आहे, रोजच वाजते."

वाचकहो, यात बिघाड क्वचितच असतो. गाडी काय सांगते आहे हे घरात कोणालाच कळत नसते. हँडबुक पहिल्या मालकाकडेच राहिलेले असते आणि गाडी विकणारा दलाल "बस, ये बटन दबाव" एवढेच सांगून मोकळा होतो. म्हणून आज हा धडा जरा शांतपणे शिकू या.

आपण ज्याला सरसकट 'अलार्म' म्हणतो, त्या खरे तर तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे सेंट्रल लॉक. एका बटणाने सगळी दारे बंद करणे एवढेच त्याचे काम. दुसरी म्हणजे अलार्म. तो पहारेकरी आहे. ओरडतो, पण चोराचा हात धरत नाही. तिसरी, इमोबिलायझर. ही अजिबात आवाज करत नाही, पण तिघांत सर्वात कामाची हीच आहे. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. चावी घातली की गाडी ती चिप ओळखते आणि मगच इंजिन चालू होऊ देते. चिप नसलेली हुबेहूब चावी कोणी करून आणली, तर दार उघडेल, पण गाडी चालू होणार नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे.

या चिपला सेल लागत नाही. सेल लागतो तो रिमोटच्या बटणांना. हा फरक लक्षात ठेवला तर अर्धी धावपळ वाचते. समजा, रिमोटचा सेल संपला. तुम्ही साध्या चावीने दार उघडले आणि भोंगा सुरू झाला. लोक बघायला लागतात, आपण गोंधळतो, कोणी तरी बॅटरीची वायर काढायला धावतो. तसे काही करू नका. आत बसा, चावी घाला आणि फिरवा. बहुतेक गाड्यांत खरी चावी ओळखताच भोंगा थांबतो. बटणावर चालू होणारी गाडी असेल, तर रिमोट कोठे टेकवायचा याची जागा हँडबुकात दिलेली असते. भोंगा वाजत असताना बॅटरीची वायर मात्र ओढू नका. काही गाड्यांच्या भोंग्याला स्वतःची वेगळी बॅटरी असते, वायर तुटली की तो आणखी जोरात ओरडतो.

आता खुणांची भाषा. कुलूप लावल्यावर इंडिकेटर लुकलुकतात आणि डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा ठरावीक लयीत उघडझाप करू लागतो. याचा अर्थ पहारा बसला. इंडिकेटर लुकलुकले नाहीत किंवा नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला, तर एखादे दार, डिकी किंवा बॉनेट नीट बंद झालेले नाही. किती वेळा लुकलुकावे हे प्रत्येक कंपनीचे निराळे असते. म्हणून आपल्या गाडीची खूण एकदा वहीत लिहून ठेवा. आणखी एक. रिमोटने गाडी उघडली, पण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडले नाही, तर अनेक गाड्या आपोआप पुन्हा बंद होतात. अशा वेळी चावी आत राहिली तर पंचाईत होते.

रात्री उगाच वाजण्याची कारणे ठरलेली आहेत. बॉनेटखाली एक लहान स्विच असतो. कापसाच्या हंगामातली धूळ आणि पावसाळ्यातली ओल त्यात बसली, की गाडीला वाटते कोणीतरी बॉनेट उघडले. उंदराने वायर कुरतडली तरी तेच. काही गाड्यांत आतली हालचाल टिपणारा सेन्सर असतो. काच दोन बोटे उघडी राहिली, आरशाला टांगलेली माळ वाऱ्याने हलली, आत पाखरू शिरले, की तो जागा होतो. महागड्या आणि स्पोर्ट्स गाड्यांत गाडी तिरकी झाल्याचे ओळखणारा सेन्सरही असतो, कारण अशी गाडी चोर उचलूनच नेतात. कोकणातल्या आपल्या वाचकांना याचा अनुभव येऊ शकतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला किंवा दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीतून गाडी नेताना बोट डोलते आणि अलार्म वाजतो. त्यासाठी आतला आणि तिरकेपणाचा सेन्सर तेवढ्यापुरता बंद ठेवण्याची सोय असते. तसे केले तरी दारे आणि बॉनेट यांवरचा पहारा चालूच राहतो.

हीच सोय काही जण मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून बाजारात जाण्यासाठी वापरतात. माझी हात जोडून विनंती आहे, तसे कधीही करू नका. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात बंद उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहा अंशांच्या आसपास वाढते. काही गाड्यांत रिमोटने कुलूप लावले की आतल्या कडीनेही दार उघडत नाही. लहान मूल ते सांगू शकत नाही आणि सेन्सर बंद असल्यामुळे गाडीही ओरडत नाही. मोठ्या मुलांना एवढे जरूर शिकवा: आत अडकलात तर हॉर्न दाबत राहा. अनेक गाड्यांत हॉर्न चावीशिवाय वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का, ते आजच पाहा.

चावीबद्दल थोडे. रिमोट दर वेळी नवा सांकेतिक आकडा पाठवतो, म्हणून जुना आकडा कोणी चोरून टिपला तरी तो चालत नाही. पण मुलांनी घरात बसून शंभरदा बटण दाबले, तर गाडी आणि रिमोट यांचा मेळ सुटू शकतो. रिमोट खेळायला देऊ नका. खिशात चावी असली की दार उघडणाऱ्या गाड्यांचा धोका वेगळा आहे. चोर घराबाहेर उभे राहून आतल्या चावीचा सिग्नल यंत्राने गाडीपर्यंत पोहोचवतात. अशी चावी दाराजवळच्या खुंटीला न टांगता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा गाडीजवळ नेऊन दार उघडते का ते तपासा. उघडले तर डबा बदला.

सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही मूळ चाव्या आणि हँडबुक मागून घ्या. एकच चावी मिळाली, तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून हरवलेली चावी गाडीच्या स्मृतीतून काढून टाकायला सांगा. गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. तेव्हा ११२ वर फोन करा, पोलिसांत ताबडतोब तक्रार नोंदवा, विमा कंपनीलाही कळवा. तक्रार लगेच नोंदवली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे.

शेजाऱ्यांचाही आपल्यावर हक्क आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ रात्रीचा धरला आहे आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकते. जुम्याला मस्जिदीसमोर गाडी लावून आत जाताना तिचे दार, डिकी आणि काचा एकदा बघून घ्या. नमाजीत सगळी सफ उभी असताना बाहेर भोंगा वाजला, तर कोणीही उठून बंद करू शकत नाही.

या रविवारी एक काम करा. गाडी अंगणात आणा आणि अम्मी, भाभी, मोठी मुले, ज्यांच्या ज्यांच्या हाती चावी जाते, त्या सगळ्यांना बोलवा. एकाने आत बसायचे, काचा थोड्या उघड्या ठेवायच्या, बाहेरच्याने कुलूप लावायचे. आतल्याने हात हलवून भोंगा वाजवायचा. मग प्रत्येकाने आळीपाळीने तो थांबवून दाखवायचा, एकदा रिमोटने आणि एकदा चावीने. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. पंधरा मिनिटांचे काम आहे.