गाव फक्त वर्गणीपुरतं नको

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


जिल्हा परिषदेच्या शाळेला रंग द्यायचा असला, पंखे बसवायचे असले की गाव लगेच आठवतं. तरुण मंडळाला, मुंबई-पुण्याला नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांना निरोप जातात, वर्गणी जमते, देणगीदारांची नावं भिंतीवर चढतात. अहवालात हे सगळं ‘शैक्षणिक उठाव’ म्हणून मिरवतं. शाळा राहणार की जाणार, हे ठरवताना मात्र गावाला निरोप नसतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा आणि त्यांत १ लाख ८५ हजारांहून अधिक मुलं. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले होते. प्रस्ताव मागवले ते अधिकाऱ्यांकडून. डोंगरवस्तीवरची आई पहिलीतलं पोर रोज गाडीत बसवून दूर धाडायला तयार आहे का, हे तिला आधी कुणी विचारायचं?

कायद्याने तर पालकांना शाळेच्या कारभारातच बसवलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कलम २२ त्याहून धीट आहे: समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि सरकारी अनुदान त्याच्याच आधारे द्यायचं. प्रत्यक्षात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला १० हजार रुपये, तेही निव्वळ पटावर ठरलेलं. आराखड्यात संरक्षक भिंत लिहा नाहीतर मुलींचं स्वच्छतागृह, आकडा तोच. मग आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून काढला जातो, यात नवल ते काय!

बैठकांची गत तशीच. वेळ सकाळी अकराची, म्हणजे बाया खुरपणीला गेलेल्या. मग प्रोसिडिंगचं रजिस्टर एखाद्या मुलाच्या हाती घरोघर फिरतं. ‘सर्वानुमते मंजूर’ आधीच लिहिलेलं असतं. खाली सही, नाहीतर अंगठा. बीडच्या ऊसतोड गावांत तर हंगाम लागला की समितीतले कितीतरी आईबाप फडावर असतात.

गावं उदासीन आहेत, असं खात्याने म्हणू नये. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे मुष्टिफंडासाठी बाया घरच्या धान्यातून मूठ-मूठ बाजूला काढत आणि त्यावर वसतिगृहातली मुलं जेवत. अलीकडे शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी शाळेसाठी जमीन दिली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने २०२५ मध्ये ‘टी-फोर एज्युकेशन’चा लोकपसंतीचा जागतिक पुरस्कार मिळवला. तळमळीचा शिक्षक लाभला म्हणून हे झालं, असं कुणी म्हणेल. खरंही असेल. पण अशा शिक्षकाची बदली झाल्यावर गावाच्या हाती काय उरतं, याची तजवीज खात्यानेच करायला हवी.

न विचारता घेतलेला निर्णय अंगाशी येतो, हे खात्याला नव्याने सांगायला नको. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावे लागलेच.

तेव्हा विनंती अशी. व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव नसेल तर कुठलीही शाळा बंद किंवा समायोजित करू नये. बैठका संध्याकाळी घ्याव्यात, ऊसतोड गावांत महत्त्वाच्या बैठका हंगामाआधी उरकाव्यात. आणि प्रत्येक विकास आराखड्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी उत्तर द्यावं: काय मंजूर, काय नामंजूर आणि का. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शासन निर्णय पुरतो. तो नव्या शैक्षणिक वर्षाची घंटा वाजण्यापूर्वी काढावा.