फी शाळेची, अभ्यास क्लासचा

खाजगी शाळेत शिकवतात आणि सरकारी शाळेत नुसता पगार घेतात, या मताबद्दल महाराष्ट्रात आता कोणी वादही घालत नाही. तालुक्याच्या गावचा किराणा दुकानदार ते बोलून दाखवतो. जिल्हा परिषदेचे कित्येक गुरुजी स्वतःच्या मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवून त्यावर शिक्कामोर्तब करतात. मला हे मत साफ अमान्य आहे.

त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आधी घेऊ. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. खाजगी शाळांत हेच प्रमाण ५९ टक्क्यांच्या घरात होतं. फरक खरा आहे, पण तो शाळेने घडवला की घराने? फी भरू शकणाऱ्या घरात बहुधा आईही शिकलेली असते आणि संध्याकाळी शिकवणीही लावलेली असते. हा गुंता सोडवायचा तर मुलं चिठ्ठ्या टाकूनच खाजगी शाळांत पाठवायला हवीत. आंध्र प्रदेशात नेमकं तेच करून पाहिलं गेलं. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २०१५ साली निष्कर्ष मांडले, की सोडत लागून खाजगी शाळेत गेलेली मुलं चार वर्षांनीही तेलुगू आणि गणितात इतरांच्या पुढे नव्हती. हिंदीत होती, कारण खाजगी शाळा हिंदीला तास देत होत्या.

याच अभ्यासाचा दुसरा भाग खाजगीचे समर्थक आवर्जून सांगतात: त्या शाळांनी कितीतरी कमी खर्चात तेवढंच शिकवलं. मान्य. पण खर्च वाचला तो मुख्यतः शिक्षकाच्या पगारात. आपल्याकडे १९७७च्या कायद्याने खाजगी शाळांतल्या शिक्षकांनाही सेवाशर्तींचं संरक्षण दिलं आहे. तरीही अनेक विनाअनुदानित शाळांत बी.एड. झालेल्या मुली तुटपुंज्या पगारावर राबतात आणि चार पैसे जास्त मिळाले की वर्षाच्या मध्येच शाळा बदलतात. तिसरीतल्या पोरांना मग दिवाळीनंतर नव्या मॅडम. सरकारनेही हाच धडा गिरवला. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं.

आता अकरावी पाहा. दहा वर्षं भरमसाट फी भरून झाल्यावर हेच पालक ‘इंटिग्रेटेड’ शोधत फिरतात. नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, मुलगा मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये. महाविद्यालयाची पायरी चढायची ती प्रात्यक्षिकाला आणि बोर्डाच्या परीक्षेला. ते रोखायला सरकारने २०१८ साली विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण अंगठा उमटवून घेतला म्हणजे वर्गात शिकणं सुरू होतं, असं नाही. मेडिकलचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर ठरतो, तिथे बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, मग रसायनशास्त्र मनापासून शिकवणाऱ्या सरांच्या तासाला बसणार कोण? इतकी महागडी शाळा खरोखरच शिकवत असती, तर तिच्याच मुलांना दोन वर्षांसाठी पुन्हा लाख-लाख रुपये मोजावे लागले नसते.

तर मग हवं काय? चार वर्ग आणि दोन शिक्षक असलेली वस्तीवरची शाळा डोळ्यांपुढे आणा. पहिली-दुसरी एका खोलीत. दुसरी पाढे लिहितेय, पहिलीला बाई अक्षरं गिरवून दाखवतायत, आणि त्यातच पोषण आहाराची आजची संख्या मोबाइलवर भरायची आहे, आधार जुळत नाही म्हणून केंद्रप्रमुखांचा फोन येतोय. वर मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नका म्हणतं आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती निवारण नि निवडणूक वगळतं. या बाई काही आळशी नाहीत. त्यांना शिकवूच दिलं जात नाही.

शिकवू दिलं की काय होतं, हेही दिसलं आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. एखादे ध्येयवेडे गुरुजी भेटले म्हणून तसं घडलं, सगळीकडे कसं घडेल, हा आक्षेप रास्त आहे; व्यवस्था अपवादांवर चालत नाही. म्हणून देशभराचा आकडा बघा. पायाभूत वाचनावर सगळीकडे एकदम जोर दिल्यावर, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या सरकारी तिसरीतल्या मुलांचं प्रमाण २०२२मधल्या १६.३ टक्क्यांवरून २०२४मध्ये २३.४ वर गेलं, म्हणजे कोरोनाआधीच्याही वर. खाजगी शाळांना कोरोनाआधीची पातळी अजून गाठता आलेली नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. दर वर्गाला एक कायम शिक्षक, ऑनलाइन माहिती भरायला केंद्रावर एक लिपिक आणि मतदार यादीच्या कामातून प्राथमिक शिक्षकाची सुटका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. रिक्त पदं भरण्याचा ठराव त्यांनी जूनआधी करावा आणि ग्रामसभेत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून त्याचं उत्तर मागावं. आणि ज्यांना खाजगीतच घालायचं आहे, त्यांनी प्रवेश अर्जाबरोबर एवढं तरी विचारावं: माझ्या मुलाला शिकवणाऱ्या बाई इथे किती वर्षं आहेत, आणि त्यांना पगार किती मिळतो?