जलदान विधी झाला, सातबाऱ्यावर नाव कोणाचं?

माणूस गेला की आपल्याकडे जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्रिशरण-पंचशील, दोन-चार आदरांजलीची भाषणं, मग जेवण. मुळशी तालुक्यात अलीकडे मंडप उतरायच्या आतच दुसरा विषय निघतो: सातबारा. दवाखान्याचं बिल उसनवारीवर भरलेलं असतं, मुलाची फी थकलेली असते, आणि एजंट विसाराचे पैसे खिशात घेऊनच सांत्वनाला आलेला असतो. माण, मारुंजी, हिंजवडीला आयटी पार्क आला, पिरंगुट-भूगावपर्यंत इमारती पोचल्या, रिंगरोडच्या भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या. वडिलांनी ज्या तुकड्यावर नाचणी-भात पिकवला, त्याचा भाव आज गुंठ्याने बोलला जातो.

आपल्या घरांत हा तुकडा बहुतेक वेळा महार वतनाचा. त्यामुळे आपला वारसाचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा आणि अवघड आहे. वतन म्हणजे गावकीच्या राबणुकीचा तुटपुंजा मोबदला होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक आणलं ते ही गुलामी मोडायला. पुढे १९५८ चा कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायदा आला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून वतनं संपली. जमीन सरकारजमा होऊन, आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर वतनदाराला परत मिळायची, पण नवीन शर्तीने. विक्रीलाच नव्हे तर सरस-निरस वाटणीलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, ही मूळ कायद्यातली अट. शेतीसाठीच्या हस्तांतरणापुरती ती पुढे सैल झाली. बिगरशेतीसाठी परवानगी आणि नजराणा आजही टळत नाही.

परिणाम काय झाला? वाटण्या कागदावर झाल्याच नाहीत. आजोबांच्या किंवा थोरल्या चुलत्याच्या नावापुढे ‘एकुम’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढा शिक्का आणि बाकीचे सगळे त्या एका शब्दात गडप. ज्यांनी तिप्पट आकार भरलाच नाही, त्यांच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून अजून सरकारच असू शकतं. म्हणून वडील गेल्यावर पहिलं काम म्हणजे चालू सातबारा, आठ-अ आणि १९५९ नंतरचे सगळे फेरफार काढणं. जुने उतारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात.

‘वतनाच्या जमिनीला वारस लागत नाही, आधी परवानगी आणा’ असं सांगून अनेकांना परत पाठवलं जातं. हे चुकीचं आहे. वारसाने हक्क येणं म्हणजे हस्तांतरण नव्हे. वारस नोंदीला नजराणा नाही, परवानगी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं. मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही, पण मधल्या काळात कोण काय करून ठेवील याचा नेम नसतो.

नेम नसतो म्हणजे काय, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पुण्यातल्या मुंढव्याची सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, सातबाऱ्यावर सरकारचं नाव, वतनदारांकडून घेतलेली कुलमुखत्यारपत्रं, आणि त्यांच्या आधारे ३०० कोटींचं खरेदीखत. व्यवहारात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या मुलाची कंपनी होती म्हणून बातमी झाली. गुन्हे दाखल झाले, चौकशी समिती बसली, व्यवहार रद्द करण्याचं जाहीर झालं. आठवडाभर वाहिन्यांवर कंपनी कोणाची आणि मुद्रांक शुल्क किती बुडालं हीच चर्चा. ज्या घरांच्या सह्यांवर हे उभं राहिलं, त्यांच्याकडे तो कागद कोणत्या अडचणीच्या दिवशी आला, हे फार थोड्यांनी विचारलं. आपल्या संघटनांनीही मोर्चे काढले ते नेत्याच्या नावावर, वारसांच्या यादीवर नाही.

आता घरातल्या हिशोबाकडे येऊ. समजा आजोबांची दोन एकर, म्हणजे ८० गुंठे. चार मुलं-मुली, प्रत्येकी २० गुंठे. त्यांपैकी एक वारला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे चौघांना सारखे पाच-पाच गुंठे. वारलेल्याची आई हयात असेल तर तीही वाटेकरी. हा कायदा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे. बौद्धांचा स्वतंत्र कायदा हवा ही मागणी आपल्या जागी योग्य. पण तोपर्यंत या कायद्यातला हक्क सोडून देण्यात शहाणपण नाही. १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच सहदायाद केलं. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात नसले तरी तिचा हक्क जन्माने आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं.

प्रत्यक्षात बहिणीला पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून पौडला नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. साडी-चोळी होते, माहेर तुटू नये म्हणून ती काही बोलत नाही. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून ज्यांनी १९५१ ला कायदेमंत्रीपद सोडलं त्यांचाच फोटो त्या घराच्या भिंतीवर असतो. कधीकधी सहीचीही तसदी घेत नाहीत. प्रतिज्ञापत्रात वारस म्हणून फक्त मुलगे लिहिले जातात. २०२५ ला सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली, मयतांची नावं काढून वारसांची लावायला. मोहीम चांगलीच. पण वारसांची यादी शेवटी घरच्यांचं प्रतिज्ञापत्र आणि गावातली चौकशी यांवरच ठरते. मुलगी त्या यादीत आहे का, हे कोणीतरी पाहायला हवं. गाळून केलेला फेरफार अंतिम नसतो. आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील होतं, आणि फेरफाराने मालकी ठरत नाही. ती दिवाणी न्यायालयात ठरते.

थोरल्याच्या एकट्याच्या नावाचंही तसंच. १९८२ च्या नागेश बिस्तो देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वतन जमीन एकाच्या नावे परत दिली तरी ती कुटुंबाचीच राहते. तो खटला देसाई वतनाचा होता, महार वतनाचा नव्हे. तरी चुलता ‘नाव माझं, जमीन माझी’ म्हणत असेल तर वकिलाला हा निकाल जरूर दाखवावा.

एजंट कधीच सगळ्या भावंडांना एकदम भेटत नाही. ज्याच्यावर कर्ज आहे, ज्याला दारू आहे, किंवा जी विधवा एकटी आहे, तिथून तो सुरुवात करतो आणि एक हिस्सा घेऊन घरात पाय रोवतो. याला उत्तर कायद्यातच आहे. वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एक वारस आपला हिस्सा विकणार असेल तर तो आधी घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना आहे. शेतजमिनीलाही तो लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ ला सांगितलं. पैसे उभे करता आले तर भावंडांनी तो हिस्सा घरातच ठेवावा. अल्पवयीन मुलाचा स्वतंत्र हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हेही एजंट सांगत नाही.

पैशाची नड खरी असते, तिला नुसता उपदेश पुरत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून २० हजार एकरकमी मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजना आहे. रक्कम थोडी आहे, पण विसार नाकारायला महिना-दोन महिने मिळतात. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसलेल्यांसाठी १९८७ चा विधी सेवा कायदा आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुण्याला जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा.

विहारात रविवारी जमणाऱ्या मुळशीतल्या मुलांकडे लॅपटॉप आहेत आणि यातली बरीच मुलं हिंजवडीतच नोकरीला आहेत. आपल्या गावातल्या वतनाच्या गटांचे सातबारे ऑनलाइन उघडून, मयतांची नावं कुठे अजून तशीच आहेत याची यादी दोन रविवारांत होईल. पुण्यानुमोदनाला बहिणी, आत्या, चुलते सगळे एकत्र येतात. वारस अर्जावर सगळ्यांची नावं आणि आधार क्रमांक घ्यायला तोच दिवस सोयीचा. कारण फेरफाराची नोटीस गावच्या चावडीवर लागते, आणि ती लागते तेव्हा बहीण सासरी असते.