दाबाचे नत्र आणि मुळांचे नत्र

मानवत भागात ज्याने विहीर खणली आहे, त्यास नत्राची दोन रूपे परिचयाची आहेत. एक युरियाच्या गोणीतील, पीक हिरवे करणारे. दुसरे सुरुंगातील, काळा पाषाण फोडणारे. ही दोन्ही एकाच घराण्यातील होत, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

हवेत शेकडा ७८ भाग नत्र आहे. परंतु त्याचे दोन-दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की ते पिकास लाभत नाहीत. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हा बंध दाब व उष्णता यांच्या साहाय्याने तोडून अमोनिया तयार केला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नाने १९१३ साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना निघाला. तेथील दाब हवेच्या सुमारे दोनशेपट होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि खताकरिता योजलेले नत्र दारूगोळ्याकडे वळले.

आता शास्त्रज्ञ त्याहून फार पुढे गेले आहेत. २००४ साली जर्मनीतील माइन्झ येथे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नत्र चेपून, हवेच्या सुमारे अकरा लाखपट दाबाखाली, त्याचे अणू एकेरी बंधांनी गुंफले गेले. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी लिथियम धातू व नत्र यांवर सुमारे साडेचार लाखपट दाब देऊन पाच अणूंच्या कड्यांचे संयुग बनविले. दाब काढल्यावरही ते टिकले. असे कोंडलेले नत्र मूळ जोडीत परतताना प्रचंड ऊर्जा सोडते. म्हणूनच त्याकडे स्फोटके व अग्निबाणांचे इंधन या दृष्टीने पाहिले जाते. आपल्या राज्यातही पुण्यास सुतारवाडी येथे संरक्षण खात्याची स्फोटकांविषयीची प्रयोगशाळा आहे.

‘याचा आमच्या बांधावर काय उपयोग?’ असा प्रश्न शेतकरी करील, तर प्रामाणिक उत्तर हेच की, आज काही नाही. हिऱ्यांच्या चिमट्यात खसखशीच्या दाण्याहून लहान कण निघतो, आणि तो खतही नव्हे. तथापि अशा संशोधनास आमचा विरोध नाही. देशाचे रक्षण झालेच पाहिजे.

आमचे म्हणणे इतकेच की, नत्राचा बंध तोडण्याची विद्या एकाच दिशेने वाढू नये. तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हेच काम साध्या दाबात, जमिनीच्या उष्णतेत करतात. उलट युरियाकरिता नैसर्गिक वायू लागतो व त्याचा मोठा भाग परदेशातून येतो. गोणीचे मोल आपणांस कमी पडते, कारण उरलेला भार सरकारी तिजोरी वाहते.

असे असता सोयाबीनवर वारेमाप युरिया टाकणे आणि पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणूखत चोळण्याचा आळस करणे शहाणपणाचे नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने या भागातील काळ्या जमिनीस मानवणाऱ्या जिवाणूंचा शोध अधिक नेटाने घ्यावा, आणि आपल्या मंडळाने मृगापूर्वी ते खत सभासदांच्या हाती पोचवावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.