दिव्यावरचं प्रत्येक पाखरू शत्रू नसतं



परवा रात्री शेततळ्याजवळच्या बल्बखाली पाखरांचा नुसता खच पडला. सकाळी शेजारचे अण्णा पंप पाठीवर घेऊनच आले. म्हणाले, "सोयाबीनवर काहीतरी आलंय, तू पण आजच मारून घे." म्हटलं, अण्णा, आधी एक हातात धरून तर बघू.

बसल्यावर पंख फुलपाखरासारखे पाठीवर उभे मिटलेले. पुढचे मोठे, मागचे इवलेसे, काहींना तर मागचे नाहीतच. मिशा एकदम आखूड. शेपटाला केसासारखे दोन-तीन लांब धागे. हा मेफ्लाय.

वाळवीच्या पाखरांचे चारही पंख सारखे, पाठीवर आडवे, आणि पटकन गळतात. हुमणीच्या भुंगेऱ्याची पाठ टणक. पतंगाला हात लावला की बोटाला भुकटी लागते. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. नेमकी जात ठरवायला पंखाच्या शिरा, नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. ते काम तज्ज्ञांचं. फवारणीचा निर्णय घ्यायला गट ओळखता आला तरी भागतं.

पंख आलेल्या मेफ्लायला खाण्याजोगं तोंडच नसतं. बहुतेक जाती काही तास, फार तर एक-दोन दिवस जगतात. जोडी जमवायची, अंडी घालायची, संपलं. मग तो सोयाबीन खाणार कशानं?

त्याची पिल्लं पाण्यात वाढतात. ओढ्यातला दगड उलटून बघा. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले, मागे बहुधा तीन धागे, प्रत्येक पायाला एकच नखी. शेवाळ, कुजका पाला खातात आणि स्वतः माशांचं खाद्य होतात. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध वाहून ओढ्यात गेलं की आधी हीच मरतात.

माझं मत स्पष्ट आहे. बल्बखालचा ढीग बघून फवारणी ठरवायची नाही. पीक बघून ठरवायची. प्रकाश सापळ्यातले किडे मोजतानाही मेफ्लाय वेगळे काढा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. कृषी सहाय्यकांनीही शिवारफेरीत औषधाचं नाव सांगण्याआधी किडा हातात धरून दाखवावा. दोन वर्षांपूर्वी मला कुणी दाखवला असता, तर एक फवारणी वाचली असती.

अण्णा आणि मी पानं उलटून पाहिली. खाल्लेलं काही दिसलं नाही. पंप तसाच घरी गेला.

तुमच्याकडं या पाखराला काय म्हणतात? जरूर सांगा.