रवीश कुमार ‘मुक्त’ झाले, मग आपण कशाचा आनंद साजरा करतोय?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी रवीश कुमार यांनी ‘एनडीटीव्ही’चा राजीनामा दिला. त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर बघता बघता लाखो प्रेक्षक जमले आणि ‘बरं झालं, सुटले, आता मोकळेपणाने बोलतील’ असं आपण म्हणू लागलो. हे समाधान सोयीचं आहे. ते आपल्याला आपल्या जबाबदारीतूनही मोकळं करतं.

मुळात रवीश स्वखुशीने नवा मार्ग शोधायला बाहेर पडले नव्हते. ऑगस्ट २०२२मध्ये अदानी समूहाने एक कंपनी विकत घेतली आणि तिच्यामार्फत ‘एनडीटीव्ही’तल्या २९.१८ टक्के हिश्श्यावर हक्क सांगितला. प्रणय आणि राधिका रॉय प्रवर्तक कंपनीच्या संचालकपदावरून पायउतार झाले, आणि दुसऱ्याच दिवशी रवीश यांचा राजीनामा आला. पायाखालची जमीन विकली गेली म्हणून माणूस बाहेर पडला, तर त्याला ‘मुक्ती’ म्हणायचं का?

१९९६मध्ये रवीश या वाहिनीत आले ते प्रेक्षकांची पत्रं निवडण्याच्या कामावर. तिथून ‘रवीश की रिपोर्ट’ आणि ‘प्राइम टाइम’पर्यंतचा प्रवास त्यांच्या कुवतीचा होता, तसाच एका संस्थेच्या धीराचाही होता. विद्यापीठांची दुर्दशा आणि रखडलेली नोकरभरती यांवर त्यांनी ज्या मालिका केल्या, त्या रोजच्या आरडाओरडीत बसणाऱ्या नव्हत्या. अशा कामाला गावोगावचे बातमीदार लागतात, कॅमेरा लागतो, मजकूर तपासणारं डेस्क लागतं, नोटीस आली तर वकील लागतो. २०१९चा मॅगसेसे पुरस्कार एका व्यक्तीला मिळाला, पण त्या व्यक्तीमागे न्यूजरूम उभी होती.

आज पडद्यावर बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तो वाचून, जुळवून, उपरोधाने बोलतो आणि उत्तम बोलतो. पण भाष्याला बातमी लागते आणि बातमी कुणीतरी जागेवर जाऊन आणावी लागते. ती आणणारेच कमी झाले, तर उद्या भाष्यकार कशावर बोलणार?

आणि यूट्यूब तरी कुणाच्या मालकीचं? सप्टेंबर २०२५मध्ये अदानी एंटरप्रायझेसच्या बदनामीच्या दाव्यात दिल्लीच्या एका न्यायालयाने प्रतिवादींचं म्हणणं न ऐकताच मजकूर हटवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्याचा हवाला देत माहिती व प्रसारण मंत्रालयाने अनेकांना व्हिडिओ काढण्याच्या नोटिसा पाठवल्या. त्यात रवीशही होते. चार पत्रकार अपिलात गेले आणि त्यांच्यापुरता तो आदेश रद्द झाला. पण ज्याच्यामागे वकिलाची फी भरणारी संस्था नाही, त्याने काय करायचं? ज्या उद्योगसमूहाच्या खरेदीमुळे वाहिनी सोडली, त्याच्याच दाव्याची झळ नव्या घरातही पोहोचली.

स्वतंत्र लेखनाची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला. त्या पत्राला वर्गणीदार होते. वाचक पैसे देऊन न पटणारं वाचत होता, रागावत होता. संपादक आणि वाचक यांच्यामध्ये कुणा तिसऱ्या कंपनीचा अल्गोरिदम नव्हता.

आपण मात्र व्हिडिओ फुकट बघतो, ‘काय झोडपलं!’ म्हणून पुढे पाठवतो आणि लोकशाहीचं कर्तव्य पार पडलं असं समजतो. रवीश यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. प्रश्न आपल्या कंजूषपणाचा आहे. महिन्याला ओटीटीचे पैसे भरणारा सुशिक्षित मध्यमवर्ग बातमीसाठी वर्गणी मागितली की पाकीट चाचपतो. मग बातमीचे पैसे जाहिरातदार देतो, सरकार देतं, उद्योगपती देतो. आणि ज्याचे पैसे, त्याची बातमी.

एकट्या पत्रकाराचा जयजयकार करणं सोपं आहे. त्याला एकटं राहावं लागू नये, यासाठी जिल्ह्यातल्या एखाद्या प्रामाणिक बातमीदाराच्या छोट्या पत्राची वर्गणी भरणं कठीण नाही. आपण ते करत नाही, इतकंच.