नव्या जहाजावर चढताना

सायखेड्याला पाणी नवं नाही. गोदामाईचे पूर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. पण ही नदी जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, आणि आपलंही तसंच झालं. पण २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ क्रूझ निघाली, २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ आली. आता द्राक्षं उतरली की दोन रात्रींच्या क्रूझचा विचार घरोघरी व्हायला हरकत नाही.

कंपनी अनोळखी असेल तर आधी एकच विचारा: तिकिटात काय आहे आणि काय नाही? कर, पेयं, वाय-फाय यांचा हिशेब घरीच करा. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधली खोली मागा. मूळ ओळखपत्र, औषधं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग खोलीत उशिरा येते. सुरक्षेची कवायत कंटाळा न करता पाहा.

आणि सगळंच पाहायचा अट्टहास नको. एक संध्याकाळ डेकवर नुसतं बसा. काठ दिसेनासा होणं, हे आपल्याला नदीने कधी दाखवलेलं नाही.

– संपादक